‘ऑडीत कोणीही बसला असता तरी जिंकला असता’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणारे महोदय,

ल मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची मोटारशर्यत नऊ वेळा जिंकणाऱ्या टॉम क्रिस्टेन्सन या डॅनिश ड्रायव्हरवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया इतर वाचकांना शोधत बसायला लागू नये म्हणून आधी इथे जशीच्या तशी देतो (त्यातलं ‘डीटीएम’ म्हणजे जर्मनीतली टूरिंग कारची, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्यांची, शर्यतमालिका) :

“लेख कसला, आरतीच आहे. ऑडीत कोणीही बसला असता तरी जिंकला असता. डीटीएममध्ये, जिथे गाड्या तुल्यबळ असतात, तिथे याला एकदाही चॅम्पियन होता आलं नाही, यातच सगळं आलं. १९९७चा विजय तर निव्वळ नशीब. आणि ल मां जिंकणारा पहिला डॅनिश ड्रायव्हर जॉन नील्सन, त्याचं नावसुद्धा नाही. जरा अभ्यास करून लिहीत जा.”

मतभेदाचं मला वावडं नाही. जुने वाचक साक्ष देतील. पण ‘आरती’ आणि ‘जरा अभ्यास करून लिहीत जा’ हे मतभेद नव्हेत, ही शेरेबाजी आहे. टोपणनावाआड बसून दुसऱ्याचा अभ्यास काढायला फारसं धाडस लागत नाही. मी माझ्या नावाने लिहितो, चुकलो तर माझ्या नावाने चुकतो. ‘लेख एकांगी वाटला’ एवढं म्हणून भागलं असतं. पण मग ‘स्पष्टवक्ता’ हे नाव कसं शोभलं असतं, नाही का?

असो. आपलं दुसरं वाक्य घेऊ. त्यात निदान एक दावा आहे.

ऑडीत कोणीही जिंकला असता. ठीक. क्रिस्टेन्सनचे ल मांचे नऊ विजय कुठल्या गाड्यांतले, ते बघू. १९९७चा पहिला विजय योस्ट संघाच्या पोर्श प्रोटोटाइपमधला (म्हणजे खास शर्यतीसाठीच घडवलेल्या गाडीतला), ऑडीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. २०००, २००१ आणि २००२ला फ्रांक बीला आणि एमानुएले पिर्रो यांच्या जोडीने (ल मांला एकच गाडी तिघे आळीपाळीने चालवतात) ऑडी आर८ ही शर्यतगाडी. २००३ला बेंटली. (बेंटलीच्या इंजिनाचं मूळ ऑडीतलंच होतं, हे मला ठाऊक आहे. तेवढं सांगायला परत येऊ नका.) २००४ला जपानी संघाची आर८, २००५ला अमेरिकी संघाची आर८. सलग सहा विजय, पण संघ चार, मेकॅनिक वेगळे, इंजिनिअर वेगळे, सहकारीही बदललेले. २००८ला डिझेलवरची आर१० आणि २०१३ला हायब्रिड आर१८. गाडीच सगळं करत होती म्हणावं, तर या सगळ्या गाड्यांत एकच माणूस सारखा कसा काय सापडतो?

आर८ काही एकट्या क्रिस्टेन्सनसाठी बनलेली नव्हती. दरवर्षी दोन-तीन तरी आर८ ल मांला उतरत, आणि त्या चालवणारी माणसंही नामांकितच असत. ‘कोणीही’ या सदरात बीला नक्कीच बसत नसावा, त्याच्या नावावर पाच विजय आहेत. २००३ला तोच बीला आर८ घेऊन उतरला, पिटमध्ये, म्हणजे इंधन भरायच्या थांब्याकडे, वळायची जागा चुकला आणि पुढच्या फेरीत इंधन संपून रस्त्यातच अडकला. शर्यत सुरू होऊन काही तास झाले होते, आणि खेळ खलास. गाडी तीच, अजिंक्य म्हणून मिरवलेली. २००५ला तर बीला आणि पिर्रो क्रिस्टेन्सनच्याच संघात होते, शेजारच्या आर८मध्ये. ते तिसरे आले आणि क्रिस्टेन्सन पहिला. त्या वर्षी नियमांनी आर८च्या इंजिनाची हवा कमी केली होती, वर वजनही लादलं होतं. पात्रता फेरीत पेस्कारोलो या फ्रेंच संघाच्या गाड्या सरळ वेगवान ठरल्या होत्या. बेल्जियन ड्रायव्हर जॅकी इक्सचा सहा विजयांचा विक्रम क्रिस्टेन्सनने मोडला तो त्या शर्यतीत, आणि त्यासाठी त्याच्याकडे सगळ्यांत वेगवान गाडी नव्हती.

२००८चं तर विचारूच नका. पात्रता फेरीत पहिल्या तिन्ही जागांवर प्यूजो, आणि ऑडी पाच सेकंदांहून जास्त मागे. साडेतेरा किलोमीटरच्या फेरीत पाच सेकंद म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला मी पुढे काय म्हणणार तेही कळेल. रात्री पाऊस आला, प्यूजोंचे ताल बिघडले, आणि क्रिस्टेन्सन, कापेल्लो आणि मॅकनिश पुढे गेले ते शेवटपर्यंत पुढेच राहिले. तिघांचं मिळून वय १२०च्या वर. अंधारात, ओल्या रस्त्यावर, पुढच्या संथ जीटी गाड्यांच्या (रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स कारवरून बनवलेल्या) गर्दीतून तासन्‌तास एकाच लयीत गाडी नेणं हे ऑडीच्या कारखान्यातून बोल्ट कसून मिळत नाही.

आता थोडं वैयक्तिक, कारण अभ्यास तुम्ही काढलात. माझी नोकरीतली उमेदीची वर्षं पुण्यात वाहनांच्या टिकाऊपणाच्या चाचण्यांत गेली. नगरजवळच्या टेस्ट ट्रॅकवर आमच्या गाड्या रात्रंदिवस पळायच्या. गाडी एकच, तीन शिफ्टला तीन चालक. गाडी उघडेपर्यंत थांबायची गरज नसायची. सकाळी लॉगबुक आणि ब्रेक पॅड बघितले की रात्री कोण होता ते आमचा फोरमन न विचारता सांगायचा. एकाच्या हातात क्लच प्लेट निम्म्यात जायची, दुसऱ्याच्या हातात तीच प्लेट चाचणी संपेपर्यंत टिकायची, आणि फेरीची वेळ मात्र दोघांची सारखी. तो दुसरा चालक कधीच घाईत दिसायचा नाही. आमच्या गाड्या ताशी सव्वातीनशेने पळत नव्हत्या, हे तुम्ही म्हणणारच. म्हणा. पण ‘कोणीही बसला असता’ हे वाक्य ज्याने एकदाही रात्रपाळीनंतर गाडीचं चाक काढून आत बघितलेलं नाही, तोच इतक्या सहज लिहू शकतो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण खरं ते खरं. २०००च्या ल मांला विरोध दुबळा होता. १९९९ नंतर टोयोटा आणि बीएमडब्ल्यू फॉर्म्युला वनकडे वळल्या होत्या, मर्सिडीजने हवेत उडालेल्या गाड्यांचा धसका घेऊन माघार घेतली होती, आणि ऑडीच्या तीन गाड्या पहिल्या तीन आल्या. त्या एका विजयाला तुम्ही नाक मुरडलंत तर माझी हरकत नाही. उरले आठ.

‘नशीब’. १९९७ला डेव्ही जोन्स जखमी होता म्हणून ऐनवेळी बोलावणं आलं, हे लेखात मीच लिहिलं होतं. बोलावणं नशिबाने येतं. पण पहिल्यांदाच ल मां बघणाऱ्या माणसाने अल्बोरेतो आणि योहान्सन यांच्यासारखे फॉर्म्युला वनमधले मातब्बर जोडीला असताना शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारली, ती कुणाच्या नशिबाने? आणि नशिबाची वही उघडायचीच तर दुसरं पानही वाचा. १९९९ला त्याची बीएमडब्ल्यू आघाडीवर असताना सहचालक लेहतोच्या हातात थ्रॉटल अडकून भिंतीवर गेली, आणि संघाची दुसरी बीएमडब्ल्यू जिंकली. २००७ला रविवारी सकाळी, पुन्हा आघाडीवर असताना, कापेल्लो चालवत होता आणि मागचं चाकच निखळलं. हे दोन्ही त्याने आरडाओरड न करता गिळलं. हा गुण काही जणांनी प्रतिक्रिया लिहितानाही अंगी बाणवायला हरकत नाही.

डीटीएमबद्दल फार लांबण लावत नाही. तिथे तो २००४ला आला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. २००५ आणि २००६ला तिसरा आला. २००७च्या हॉकेनहाइममधल्या अपघाताने डोक्याला इतका मार बसला की मधल्या शर्यती सोडाव्या लागल्या, आणि तरी जूनमध्ये तो ल मांला हजर होता. त्याआधी जपानमध्ये निसान स्कायलाइन, मग जर्मनी आणि ब्रिटनमध्ये होंडा अॅकॉर्ड, अशी टूरिंग कारची वर्षंही आहेत. चॅम्पियन झाला नाही, बरोबर. माझ्या लेखाचं शीर्षक ‘चोवीस तासांचा माणूस’ होतं, ‘चाळीस फेऱ्यांचा’ नव्हे. विषयांतर तुम्ही केलंत, उत्तर मी का द्यायचं?

राहिला जॉन नील्सन. १९९०, जॅग्वार, मार्टिन ब्रंडल आणि प्राइस कॉब यांच्या जोडीने. मला माहीत आहे. त्याच्यावरचा लेख येत्या आठवड्यात येतोय, आणि तुमच्या सूचनेवरून नव्हे, तो आधीच लिहून ठेवला होता.