सॅलडने पोट भरत नाही? आधी वाडग्यात काय घातलंय ते बघा

‘सॅलड म्हणजे जेवण नव्हे’ असं ठासून सांगणारा मजकूर सध्या बराच फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: पाल्यात पाण्याशिवाय काही नसतं, त्यामुळे तासाभरात पुन्हा भूक लागते, प्रथिनं मिळत नाहीत, ड्रेसिंग (वरून घालायचं तेल आणि आंबट रसाचं मिश्रण) घातलं की सगळा फायदा वाया जातो, शिजवलं की सत्त्व निघून जातं, म्हणून खायचंच तर सगळं कच्चं खा, आणि घरी रोज एवढी चिराचिरी करणार कोण? असं काही वाचलं की माणसं घरी सॅलड करून बघायच्या आधीच त्याचा नाद सोडतात. म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

पाण्याची गोष्ट खरी आहे. लेट्यूस आणि काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. लेट्यूस, काकडी आणि टोमॅटो प्रत्येकी 100 ग्रॅम घेतले, तर सगळे मिळून जेमतेम 50 कॅलरी आणि 3 ग्रॅम प्रथिनं होतात. एवढ्यावर कुणी दुपार काढू नये. पण ही झाली तोंडी लावायची बशी. ती जेवण म्हणून समोर ठेवायची आणि पोट भरलं नाही म्हणून सॅलडला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

आता त्याच भाज्यांमध्ये 150 ग्रॅम शिजवलेले काबुली चणे, एक उकडलेलं अंडं, 100 ग्रॅम उकडलेला बटाटा आणि एक मोठा चमचा तेल घाला. हिशेब साडेपाचशे कॅलरींच्या घरात जातो, प्रथिनं 22 ग्रॅमच्या आसपास आणि फायबर 15 ग्रॅमच्या आसपास. हे चांगलं भरभक्कम जेवण आहे. अंडं खात नसाल तर चणे वाढवा किंवा टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर) घाला. शिजवलेल्या मसुरातही 100 ग्रॅममागे 9 ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे प्रथिनांचा मुद्दा इथेच निकालात निघतो. फक्त कडधान्य वर भुरभुरवायचं नाही. वाडग्याचा साधारण पाव हिस्सा तरी त्याचा हवा. घरच्या सॅलडचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं: पाला ढीगभर आणि चणे मूठभर.

ड्रेसिंगच्या मुद्द्यावर जरा थांबायला हवं, कारण त्यात अर्धं सत्य आहे आणि नुकसानही त्यानेच जास्त होतं. एक मोठा चमचा तेल म्हणजे साधारण 120 कॅलरी. हात सैल सुटला तर चार चमचे कधी पडले ते कळतही नाही. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली याचा अभ्यास केला. जेवणाआधी कमी कॅलरीचं मोठं सॅलड खाल्लेल्या स्त्रियांच्या पोटात, सॅलड धरूनही, एकूण 12 टक्के कमी कॅलरी गेल्या. तेवढंच मोठं सॅलड चीज आणि तेलकट ड्रेसिंगने जड केलं, तेव्हा मात्र एकूण कॅलरी 17 टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे प्रमाण महत्त्वाचं आहेच. शिवाय पाणी आणि फायबर पोट भरायला मदत करतात, हेही यातून दिसतं.

पण म्हणून तेल अजिबात घालायचं नाही, हा सल्ला चुकीचा आहे. गाजर, पालक, टोमॅटो यांतली कॅरोटिनॉइड्स (भाज्यांतली पिवळी-लाल रंगद्रव्यं) आणि अ, ई, के ही जीवनसत्त्वं स्निग्ध पदार्थाबरोबरच अंगी लागतात. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या 2004 सालच्या अभ्यासात लोकांना पालक, लेट्यूस, टोमॅटो आणि गाजराचं सॅलड खायला दिलं होतं. ड्रेसिंग तेलविरहित असताना कॅरोटिनॉइड्सचं शोषण जवळपास शून्य निघालं. तेल वाढलं तसं तेही वाढलं. अंड्यानेही हे काम होतं, कारण त्याच्या बलकात स्निग्धांश असतो. तेव्हा एका माणसाच्या वाडग्याला एक मोठा चमचा तेल बिनधास्त घाला, मोजून घाला.

ते घालायचीही रीत आहे. एका बरणीत तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, मीठ आणि थोडी वाटलेली मोहरी घेऊन झाकण लावून जोरात हलवा. मोहरीमुळे तेल आणि आंबट रस लगेच वेगळे होत नाहीत, मिश्रण दाटसर होतं आणि पानांना धरून राहतं. पानं मात्र कोरडी हवीत. धुतलेली पानं तशीच ओली घातली तर ड्रेसिंग घसरून तळाशी जातं, मग वरून आणखी ओतलं जातं आणि कॅलरी वाढतात त्या अशा. बटाटा आणि मसूर गरम असतानाच त्यांवर थोडं ड्रेसिंग घाला, ते आत मुरतं. गार झाल्यावर घातलं तर बरंचसं वरवरच राहतं, आणि घास सपक लागतो.

‘सगळं कच्चंच खा’ हा सल्ला तर धोक्याचा आहे. उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं हे बरोबर, पण टोमॅटोतलं लायकोपीन आणि गाजरातलं कॅरोटीन ही रंगद्रव्यं शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतात. म्हणून कच्चं आणि शिजवलेलं दोन्ही एकत्र असलेला वाडगा मला सगळ्यात चांगला वाटतो. राजम्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन मूठभर दाण्यांतूनही उलट्या-जुलाब घडवू शकतं. तो किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच सॅलडमध्ये घाला. मोड आले म्हणून राजमा कच्चा खाऊ नका.

राहिला वेळेचा प्रश्न. रोज सगळं पहिल्यापासून करायचं ठरवलं तर कुणीही कंटाळेल, पण तशी गरजच नाही. कडधान्य एकदाच जास्त शिजवून, गार करून फ्रिजमध्ये ठेवलं की तीन-चार दिवस चालतं. अंडी उकडून ठेवली तर कवचासकट आठवडाभर. बरणीतलं ड्रेसिंगही तसंच टिकतं, त्यात ताजा लसूण मात्र नको. मग जेवायच्या वेळी चिरायला फक्त काकडी आणि टोमॅटो उरतात. काकडी फार पाणी सोडत असेल तर चिरून, मीठ लावून दहा मिनिटं निथळत ठेवा आणि ड्रेसिंगमधलं मीठ तेवढं कमी करा. डबा भरायचा असेल तर ड्रेसिंग तळाशी, त्यावर चणे, मग गाजरासारख्या टणक भाज्या आणि पानं सगळ्यात वर. झाकण उघडल्यावर हलवलं की झालं. आत अंडं, मांस किंवा शिजवलेला भात असेल तर असा डबा बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, सोबत बर्फाची थंड पिशवी द्या.