कुकीचे पैसे डॉलरमध्येच घ्यायचे

गर्ल स्काउट कुकीजचा सीझन तोंडावर आलाय. यंदा आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी सुचवलं की मुलींच्या ऑनलाइन लिंकसोबत आणि बूथवरही, म्हणजे दुकानासमोरच्या विक्रीच्या टेबलावर, क्रिप्टो वॉलेटचा (डिजिटल नाणी ठेवायच्या खात्याचा) क्यूआर कोड लावूया. बिटकॉइन, इथेरियम, जे कोणी देईल ते घ्यायचं. विक्री वाढेल, शिवाय मुलींना उद्याच्या पैशाची ओळख होईल. बऱ्याच जणांना कल्पना आवडली. मी ट्रूपची, म्हणजे मुलींच्या पथकाची, कुकी मॅनेजर आहे. माझा याला ठाम विरोध आहे, आणि त्याची कारणं ग्रुपवरच्या चार ओळींत मावत नाहीत म्हणून इथे लिहिते आहे. सुचवणारे दादा चांगल्या ओळखीचे आहेत, मुलींसाठी धडपडणारे आहेत. वाद आहे तो फक्त कल्पनेशी.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी आधी थोडं सांगते. शाळेत स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ असायची, आठवतं? भेळेचा स्टॉल लावायचा, शेजाऱ्यांकडे काहीतरी काम करायचं आणि मिळालेले पैसे पथकाला द्यायचे. इथल्या मुली जानेवारी ते एप्रिलच्या सुमारास कुकीज विकतात. सुरुवात १९१७ ची, ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावची. मिसलटो ट्रूपच्या मुलींनी घरी भाजलेल्या कुकीज शाळेच्या कॅफेटेरियात विकल्या होत्या. पुढे १९२२ साली संघटनेच्या मासिकात शिकागोच्या फ्लॉरेन्स नील यांनी कुकीची कृती दिली आणि तिच्यासोबत हिशेबही दिला. सहा-सात डझन कुकीजचं सामान २६ ते ३६ सेंटांत येईल, विक्री डझनाला २५-३० सेंटांनी करता येईल. मला ही कृती फार आवडते. मैदा-साखर-लोण्याचा खर्च इतका, विक्री इतकी, हातात उरलं इतकं, आणि हे सगळं दहा-बारा वर्षांच्या मुलीला समजेल अशा भाषेत. दुसऱ्या महायुद्धात साखर, मैदा आणि लोणी मिळेनासं झालं तेव्हा मुलींनी कॅलेंडरं विकली.

आता कुकीज घरी भाजत नाहीत. देशभरात दोनच परवानाधारक बेकऱ्या आहेत, एबीसी बेकर्स आणि लिटल ब्राउनी बेकर्स. म्हणून एका गावात ज्या कुकीला समोआज म्हणतात तीच जवळपास पलीकडच्या गावात कॅरमल डिलाइट्स होते. एका सीझनला सुमारे २० कोटी डबे विकले जातात. इतका मोठा पसारा झाला तरी तळाचा हिशेब १९२२ मधल्यासारखाच सरळ राहिलाय, आणि माझा मुख्य मुद्दा या हिशेबाचाच आहे.

आमच्याकडे डबा ६ डॉलरला जातो असं धरा. त्यातला मोठा भाग बेकरीला आणि काउन्सिलला, म्हणजे आमच्या भागातल्या ट्रूप्सचा कारभार पाहणाऱ्या शाखेला, जातो. ट्रूपच्या हातात डॉलरभर किंवा त्याहूनही कमी उरतं, काउन्सिलनुसार थोडा फरक. आपण ९० सेंट धरू. म्हणजे १०० डबे विकले की ६०० डॉलर गोळा होतात, ५१० काउन्सिलला द्यायचे, ९० मुलींचे. या ९० डॉलरांतून कॅम्पचं शुल्क, बॅजेस, एखादी सहल आणि प्राण्यांच्या शेल्टरला द्यायची देणगी निघते. एकदा उचललेले डबे सहसा परत करता येत नाहीत. काउन्सिल ठरलेल्या तारखेला ट्रूपच्या बँक खात्यातून आपली रक्कम ओढून घेतं, आणि ती रक्कम डॉलरमध्ये असते.

आता हे ६०० डॉलर वॉलेटमध्ये नाण्यांच्या रूपात आलेत असं समजा. काउन्सिलची तारीख येईपर्यंत भाव १५ टक्क्यांनी उतरला की ६०० चे ५१० झाले. काउन्सिलचे पैसे फिटले, मुलींच्या वाट्याला शून्य. २५ टक्क्यांनी उतरला तर हातात ४५०, आणि ६० डॉलर कुणाच्या तरी आईबाबांच्या खिशातून. डबे उचलताना जबाबदारीच्या कागदावर सही पालकांचीच असते. किमतीच्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी कमाई असलेल्या धंद्यात असा भाव उतरणं म्हणजे मुलींच्या सगळ्या श्रमांवर पाणी.

‘इतकं कुठे उतरतं आठवड्याभरात?’ असं मला विचारलं गेलं. उतरतं, आणि योगायोग असा की आमच्या सीझनमध्ये उतरलेलं आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स हे तेव्हाचं नावाजलेलं एक्सचेंज, म्हणजे नाण्यांच्या खरेदी-विक्रीचा बाजार, बुडालं, साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचं जाहीर झालं. १२ मार्च २०२० ला, महामारीच्या पहिल्या धक्क्यात, बिटकॉइनचा भाव एका दिवसात एक तृतीयांशाहून जास्त कोसळला. त्याच सुमारास इथले बूथही बंद होऊ लागले होते आणि ट्रूपच्या गॅरेजमध्ये डब्यांच्या थप्प्या पडून होत्या. विचार करा, माल विकला जात नाही आणि विकल्याचे पैसेही वितळताहेत.

दुसरा प्रश्न आला की मग डॉलरला बांधलेली नाणी घ्या, स्टेबलकॉइन. प्रश्न योग्य आहे, म्हणून त्याचंही उत्तर देते. यूएसडीसी हे त्यातलं चांगल्या नावाचं नाणं. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, त्या नाण्यामागची काही राखीव रक्कम तिथे अडकली होती, आणि शनिवार-रविवारात एक डॉलरचं नाणं ९० सेंटांच्या खाली गेलं. पुढच्या काही दिवसांत ते सावरलं, हेही खरं. पण ज्याला तेवढे दिवस थांबणं परवडतं त्याच्यासाठी ते सावरणं. काउन्सिलची तारीख सोमवारी असलेल्या ट्रूपला ते कसं परवडणार?

भाव वाढला तर? हा प्रश्न मला जास्त अस्वस्थ करतो. वाढला तर ती कमाई कुणाची? कुकीज विकणाऱ्या सगळ्या मुलींची, की जिच्या बाबांनी वॉलेट उघडलं तिची? नाणी कधी विकायची ते कोण ठरवणार? नऊ वर्षांच्या मुलीला सांगायचं का की तू गारठ्यात उभी राहून जे कमावलंस त्याहून जास्त बाबांच्या फोनने झोपेत कमावलं? मला माझ्या ट्रूपमधल्या एकाही मुलीला हे शिकवायचं नाही.

वॉलेट कुणाचं हा मुद्दा तर कुणी काढलाच नाही. ट्रूपचे पैसे ट्रूपच्या बँक खात्यात ठेवायचे आणि त्यावर एकमेकांशी नातं नसलेल्या दोन मोठ्या माणसांच्या सह्या असाव्यात, हा इथला रिवाज आहे आणि तो फार शहाणपणाचा आहे. पैसा मुलांचा असला की त्यावर दोन डोळे जास्त असावेत. क्रिप्टोची मोठी एक्सचेंजेस अठरा वर्षांखालच्यांना खातं देत नाहीत, त्यामुळे वॉलेट कुणातरी एका पालकाचंच असणार. म्हणजे मुलींचा पैसा एका माणसाच्या खाजगी किल्लीमागे, एकट्या त्याच्याकडे असलेल्या गुप्त कोडमागे. तो माणूस कितीही सज्जन असो, फोन हरवतो, पासवर्ड विसरला जातो. आणि अमेरिकेचं करखातं २०१४ पासून या नाण्यांना चलन मानत नाही, मालमत्ता मानतं. म्हणजे जो माणूस वर्षापूर्वी घेतलेल्या बिटकॉइनमधून थिन मिंट्स कुकीजचा एक डबा घेईल, त्याने कायद्याने त्या ६ डॉलरांवरचा नफा-तोटा विवरणपत्रात दाखवायला हवा. ज्या पालकाच्या वॉलेटमध्ये ट्रूपचे पैसे येतील त्याला ते आपले नाहीत हे कागदोपत्री सिद्ध करावं लागेल. एप्रिलमध्ये टॅक्स भरताना हे कुणाला हवंय?

आणि परतावा? बूथवर एखादी आजी पीनट बटर कुकीजचा डबा घेऊन जाते आणि दहा मिनिटांनी परत येते, ‘नातवाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे गं.’ मुलगी डबा बदलून देते किंवा पैसे परत करते. ऑनलाइन कार्डाने दिले असतील तर तेही उलटवता येतात. क्रिप्टोचा व्यवहार झाला की झाला. परत द्यायचे तर पुन्हा नवा व्यवहार, नवा भाव आणि वर नवी फी. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनच्या एका व्यवहाराची सरासरी फी ५० डॉलरच्या वर गेली होती. आता स्वस्त मार्ग आहेत, मला माहीत आहे. पण ६ डॉलरच्या डब्यासाठी ही सगळी यातायात का?

मी ऑनलाइनच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. उलट मी ऑनलाइनची बाजू घेते. एक काळ असा होता की संघटना इंटरनेटवर विकूच देत नसे. २००९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका आठ वर्षांच्या मुलीने वडिलांच्या मदतीने यूट्यूबवर व्हिडिओ टाकला, ऑर्डरचा फॉर्म ठेवला आणि तिला शेकडो डब्यांच्या ऑर्डरी आल्या. ते तिला बंद करायला लावलं गेलं. मला आजही वाटतं की त्या पोरीची कल्पना बरोबर होती. डिजिटल कुकी हा ऑनलाइन विक्रीचा अधिकृत मार्ग २०१४-१५ मध्ये आला. महामारीत त्याचं मोल कळलं, कारण २०२१ च्या सीझनअखेर देशभरात सुमारे दीड कोटी डबे विकल्यावाचून पडले होते. जी मुलगी आजारी आहे, जिची आई शनिवारी कामावर असते, जिच्या घराजवळ फारशी घरंच नाहीत, तिला लिंक हवीच. दुसऱ्या राज्यात बसलेला मामा भाचीच्या ऑनलाइन पानावरून इथल्या फूड बँकेसाठी डबे दान करू शकतो, किती छान आहे हे.

पण त्या पानालाही नियम आहेत आणि त्यामागे विचार आहे. मुलीचं फक्त पहिलं नाव, पालकांची परवानगी, आणि लिंक ईबे किंवा फेसबुक मार्केटप्लेससारख्या ठिकाणी टाकायची नाही. २०२३ ची रास्पबेरी रॅली आठवत असेल. ती कुकी फक्त ऑनलाइन होती, झटपट संपली आणि लोकांनी ती ईबेवर कितीतरी जास्त भावाने विकली. वरची ती कमाई एकाही मुलीपर्यंत पोचली नाही. मुलांनी केलेल्या विक्रीतून नफेखोरी करणारे लोक असतात, हे तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. अशा लोकांसमोर आपण मुलीच्या नावाशेजारी वॉलेटचा सार्वजनिक पत्ता ठेवायचा? ब्लॉकचेनवरचे, म्हणजे क्रिप्टोच्या सार्वजनिक वहीतले, व्यवहार कुणालाही पाहता येतात. कुठल्या मुलीच्या कोडवर किती आले, कधी आले, सगळं उघड. आणि कोडवर दुसरा कोड चिकटवणं तर पाच सेकंदांचं काम.

गर्ल स्काउट्सनी या विक्रीतून मुलींनी शिकायच्या पाच गोष्टी ठरवल्यात: ध्येय ठरवणं, निर्णय घेणं, पैशाचा व्यवहार, माणसांशी बोलणं आणि धंद्यातली नीती. मी या पाचही गोष्टी देशी ग्रोसरीच्या दारात, फेब्रुवारीच्या वाऱ्यात घडताना पाहते. पहिल्या दिवशी मुली आयांच्या मागे लपतात. मग एक काका थांबतात आणि ठरलेला प्रश्न येतो, ‘अंडं आहे का यात?’ मुलगी गोंधळते, डबा उलटा करून वाचते. दुसऱ्या आठवड्यात तीच मुलगी काकांनी विचारायच्या आधी सांगते की थिन मिंट्समध्ये अंडंही नाही आणि दूधही नाही. वीसची नोट घेऊन तीन डब्यांचे अठरा वजा करून दोन परत देते. कुणी ‘नको’ म्हणून मान वळवून गेलं की तिचा चेहरा उतरतो, आणि पुढच्या माणसाला ती पुन्हा ‘हॅलो’ म्हणते. हे पुन्हा ‘हॅलो’ म्हणणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. क्यूआर कोडच्या व्यवहारात बाबा फोन पुढे करतील, घेणारा फोन पुढे करेल, दोघं भावावर गप्पा मारतील आणि मुलगी टेबलामागे उभी राहील. तिने काय विकलं?

मुलींना क्रिप्टो शिकवायला माझी ना नाही, शिकवाच. २०१८ पासून सायबर सिक्युरिटीचे बॅजेस आहेत, त्यासाठीच्या एखाद्या मीटिंगला या. ब्लॉकचेन म्हणजे काय, खाजगी किल्ली म्हणजे काय, २०१० मध्ये फ्लोरिडातल्या एका प्रोग्रॅमरने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले ते आज किती होतील, सगळं सांगा. मी वर मांडलेला ६०० डॉलरांचा हिशेबही त्यांच्यासमोर ठेवा आणि १५ टक्के त्यांनाच वजा करू दे. खेळातल्या नाण्यांनी महिनाभर भाव लिहून काढू दे. शिकण्यासाठी त्यांच्या कॅम्पचे खरे पैसे पणाला लावायची गरज नाही.

आणि ज्यांच्याकडे खरंच वाढलेली नाणी आहेत आणि मुलींसाठी काही करायचंय, त्यांच्यासाठी चांगला मार्ग आहे. वर्षाहून जास्त काळ ठेवलेली नाणी नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला थेट दान केली तर इथे त्या वाढीवर कर लागत नाही, आणि नियमांत बसत असेल तर पूर्ण बाजारभावाची वजावटही मिळते. आपलं काउन्सिल अशी देणगी घेतं का ते मी विचारून सांगते. घेत असेल तर एका दादांची देणगी शेकडो डब्यांच्या नफ्याएवढी भरेल, ती सांभाळायला तिथे अकाउंटंट आहेत, आणि कुठल्याही मुलीच्या नावावर वॉलेट लागणार नाही.

उद्या काउन्सिलने स्वतःच्या अधिकृत पानावर क्रिप्टोची सोय केली, घेतल्या क्षणी त्याचे डॉलर होऊन ट्रूपच्या खात्यात जमा झाले आणि पालकांच्या फोनशी त्याचा संबंध उरला नाही, तर भावाची आणि वॉलेटची हरकत मी मागे घेईन. बूथवरची हरकत तेव्हाही राहील. तोवर ट्रूपच्या टेबलावर रोख आणि ट्रूपच्या खात्याला जोडलेलं कार्ड रीडर, एवढंच ठेवणार आहे. बूथच्या वेळांचा तक्ता रविवारी ग्रुपवर टाकते. दुपारच्या दोन शिफ्टना अजून एकेक मोठं माणूस कमी आहे, ज्यांनी क्यूआर कोडला अंगठा दिला त्यांनी त्यातली एक उचलली तर फार बरं होईल.