‘चेक उडवले की कोड पळतो’ म्हणे!

परवा धाकट्या भावाने एक फॉरवर्ड पाठवला: ‘सी कोड दुप्पट वेगवान करा, मेमरीचे फालतू चेक काढून टाका.’ (सी ही प्रोग्रामिंगची भाषा, चेक म्हणजे मेमरीला हात लावण्याआधीची तपासणी.) खाली पाच कलमं. हा मेसेज बरेच दिवस फिरतोय, मी काणाडोळा करत होतो. पण यावेळी खाली भावाची ओळ होती, ‘दादा, बारा चेक काढले, कंपाइल झालं मस्त.’ मग लिहायला बसलोच.

पहिलं कलम सगळ्यांत घातक. ‘नल तपासू नका, पॉइंटर नल असेल तर प्रोग्राम तसाही क्रॅश होतो.’ (पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता, नल म्हणजे ‘कुठलाच नाही’ असा पत्ता, बहुधा शून्य.) कोणी सांगितलं? मेमरी संरक्षण नसलेल्या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर शून्य हा बिनदिक्कत वाचता येणारा पत्ता असतो. मोठ्या मशीनवरही नल पॉइंटरला ॲरे समजून पुरेशा मोठ्या इंडेक्सवर लिहिलंत, तर शून्याजवळचं मेमरीचं बंद पान ओलांडून प्रोग्रामच्याच भलत्या डेटावर लिहिलं जाऊ शकतं. क्रॅश नाही, काही नाही.

आणि 2009 मध्ये लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) टन (TUN, आभासी नेटवर्कच्या) ड्रायव्हरमध्ये काय झालं ते बघा. तिथे चेक होता! फक्त उशिरा. आधी पॉइंटरमधून एक फील्ड वाचलं होतं, मग तो नल आहे का ते विचारलं होतं. जीसीसी या कंपाइलरने (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने) हिशेब केला: ज्याअर्थी वाचलंय, त्याअर्थी हा नल असूच शकत नाही. चेक उडवला. हल्लेखोराने शून्य पत्त्यावर आधीच स्वतःचं पान मॅप करून ठेवलं की क्रॅश टळत होता आणि थेट रूटचे (सर्वोच्च) अधिकार मिळवता येत होते. दुरुस्ती एवढीच, की वाचणारी ओळ चेकच्या खाली नेली. पुढे नल चेक उडवू नकोस असं कंपाइलरला बजावणारा फ्लॅगही कर्नलच्या बिल्डमध्ये आला. एक ओळ वरखाली झाल्याने हे रामायण, आणि हे महाशय चेकच काढायला सांगतात.

दुसरं: ‘सगळीकडे असर्ट वापरा, रिलीजमध्ये आपोआप जातात.’ (असर्ट म्हणजे अट खोटी निघाली तर प्रोग्राम थांबवणारी ओळ, रिलीज म्हणजे लोकांच्या हाती जाणारी आवृत्ती.) जातात ना, तीच तर अडचण! फाइलमधून किंवा नेटवर्कवरून आलेली लांबी रिलीजमध्येच तपासायची असते. 2014 चं हार्टब्लीड (ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीतलं भगदाड) म्हणजे समोरच्याने सांगितलेल्या लांबीवर ठेवलेला आंधळा विश्वास. एकेका विनंतीला 64 केबीपर्यंत मेमरी बाहेर जात होती. असर्ट ठेवा, पण स्वतःच्या गृहीतकांसाठी.

तिसरं, लांबी जागेबाहेर जाते का हे ओळखायची अट: ‘पॉइंटर अधिक लांबी ही पॉइंटरपेक्षा लहान आली तर ओव्हरफ्लो.’ सी मध्ये पॉइंटर असा ॲरेबाहेर नेणंच अनडिफाइन्ड (काय होईल याची भाषा हमी देत नाही), त्यामुळे कंपाइलर ही अट खुशाल गाळतो. बफरच्या (डेटासाठी राखलेल्या जागेच्या) शेवटातून चालू पॉइंटर वजा करा, उरलेली जागा मिळेल. लांबी तिच्याशी ताडून बघा, दोन्ही साइझ-टी (आकारांसाठीचा, ऋण न होणारा टाइप) मध्ये. विषय संपला.

चौथं, कास्ट करून (पॉइंटरचा टाइप जबरदस्तीने बदलून) आठ-आठ बाइट एकदम तपासणं. कल्पना वाईट नाही, कास्ट वाईट आहे: अलाइनमेंट (डेटा ठरावीक पटीच्या पत्त्यावरच हवा) आणि स्ट्रिक्ट अलायसिंग (एका टाइपचा डेटा भलत्या टाइपने वाचायचा नाही) हे दोन्ही नियम मोडतात. मेमकॉपीने (बाइट कॉपी करणाऱ्या memcpy फंक्शनने) 64 बिटांच्या व्हेरिएबलमध्ये घ्या. ऑप्टिमायझर चालू असला की बहुतेक ठिकाणी त्याची एकच लोड सूचना होते. आणि बफर 13 बाइटचा असेल तर शेवटचे पाच सुटे तपासा, सोळापर्यंत धावू नका.

पाचव्यात, ‘इफ महाग असतो’, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करतो. कायम एकाच बाजूला जाणारी अट ब्रँच प्रेडिक्टर (अट कुठे वळेल याचा अंदाज बांधणारा प्रोसेसरचा भाग) जवळपास फुकटात पचवतो, पण लूपच्या पोटातला चेक कधी कधी व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक आकडे हाताळणं) अडवतो. तर तो लूपबाहेर काढा: एकूण संख्या क्षमतेत बसते का, हे एकदाच विचारा आणि मग आत बिनधास्त पळा.

भावाला बाराही चेक परत टाकायला लावले आणि प्रोफायलर (वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन) चालवायला सांगितला. वेळ खात होता लूपच्या अटीतला एसटीआरलेन (strlen), दर फेरीला स्ट्रिंगची लांबी नव्याने मोजणारा. लूप त्याच स्ट्रिंगमध्ये लिहीत होता, म्हणून कंपाइलरलाही तो बाहेर काढता येत नव्हता.