उठलो, उठलो!

गेल्या मंगळवारी नागपूरच्या कळमना बाजारातील एका गाळ्यात शेठजी, मुनीम आणि दोन हमाल यांच्या देखत माझ्या प्रोग्रामचे निदान चौकीदाराने केले. ते बरोबर निघाले, हे दुःख वेगळेच.

काट्यावरची वजने दर पाच मिनिटांनी हिशेबाच्या फायलीत उतरवायची आणि पुन्हा झोपायचे, एवढेच त्या प्रोग्रामचे आयुष्य. रात्री संगणक बंद होताना सिस्टिमडी, म्हणजे लिनक्सवर प्रोग्राम सुरू-बंद करणारी यंत्रणा, त्याला ‘सिगटर्म’ हा ‘आता थांब’ असा संकेत पाठवते. तो मिळताच हातातल्या नोंदी लिहून त्याने सभ्यपणे निघून जावे, अशी व्यवस्था मी केली होती. तरीही दिवसाची शेवटची वजने रोज गहाळ होत आणि शेठजी, जणू ती संत्री मीच खाल्ली, अशा नजरेने माझ्याकडे पाहत.

मी प्रोग्रामला थांबण्याचा आदेश दिला. ‘निरोप मिळाला, आवरतो’ ही मीच कौतुकाने मराठीत लिहिलेली ओळ पडद्यावर उमटली, आणि पुढे काहीच घडले नाही. मागे उभे असलेले चौकीदारकाका ती मोठ्याने वाचून म्हणाले, “साहेब, याले आयकू येऊन राहिलं, पण हा उठून नाही राहिला. माहा पोरगा बी असाच हाय. आवाज देला का ‘उठलो, उठलो’ म्हणते, अन् कूस बदलून झोपते.”

“मग तुम्ही काय करता?” माझ्या तोंडून गेले.

“दीड मिनिट पाहातो. मंग बादली.”

सिस्टिमडीही, वेगळे सांगितले नसेल तर, नेमके ९० सेकंदच थांबते आणि मग ‘सिगकिल’ची, म्हणजे जागीच संपवणाऱ्या संकेताची, बादली ओतते, तो संकेत कोणत्याही हँडलरला, म्हणजे संकेत आल्यावर धावणाऱ्या कोडला, अडवता येत नाही आणि नोंदी लिहायला उसंतही मिळत नाही. हमाल हसत होते. प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता, त्या पायथनची कागदपत्रे मी चाळू लागलो. २०१५ साली आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून, हँडलरने स्वतः एक्सेप्शन (काम मध्येच तोडणारी हाक) उठवले नाही तर, ‘स्लीप’ ही झोपेची आज्ञा संकेतानंतरही उरलेली झोप पुरी करते. माझा हँडलर इमानाने खूण करून जात होता, पण ती खूण पाहणारी लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा भाग, घोरत पडली होती. ‘स्लीप’ काढून मी इव्हेंटची ‘वेट’, म्हणजे खूण होताच मोडणारी झोप, घातली, हँडलरमध्ये तोच इव्हेंट ‘सेट’ केला, आणि प्रोग्राम हाकेसरशी उठू लागला.

बदल तीन ओळींचा, म्हणून शेठजींनी पैसेही तीन ओळींचेच दिले. प्रोग्राम चालावा यासाठी गिऱ्हाईक महिनाभर घासाघीस करते. तो नीट थांबावा यासाठी छदामही मोजत नाही. काकांना मात्र डझनभर संत्री मिळाली. त्यांतले एकही मला न देता ते फाटकापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, “साहेब, थ्या तीन ओळी पोराले बी लागते का?”