गेम खेळायच्या स्टिअरिंग व्हीलच्या एक स्टारवाल्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

दादा, नमस्कार. "बॉक्सवर सोळा बिट लिहिलंय, गाडी सरळ रस्त्यावर पण झटके मारते, जळगावला येऊन फसलो" हे तुमचं वाचलं आणि रात्री शटर ओढल्यावर त्याच मॉडेलचा नवा पीस टेबलाला कसून विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये कच्चे आकडे बघत बसलो. व्हील अगदी केसभर केसभर फिरवलं तरी आकडा एकेकने सरकत नाही, थांबतो आणि एकदम 64 ने उडी मारून राहिला. म्हणजे कंप्युटरला 65536 पायऱ्या दिसतात पण आतला पॉट (व्हील किती फिरलं ते सांगणारा भाग) वाचणारी चिप दहा बिटची, तिला 1024 च जागा कळतात, व्हीलच्या पूर्ण 900 डिग्री फिरण्यात भागलं तर एक पायरी जवळपास 0.88 डिग्रीची. तेवढं फिरेपर्यंत गेमला पत्ताच नाही. सोळा बिट हा नुसता आकडा पाठवायचा साचा आहे, मोजमापाची बारकाई नाही. आमच्या काउंटरवरच्या पोराने "सोळा बिट प्रिसिजन" सांगून विकलं, त्याला तसं मीच सांगून ठेवलं होतं, माझी चूक आहे, माफ करा.

पोलिंग (व्हील सेकंदाला किती वेळा रीडिंग पाठवतं ते) 125 आहे म्हणून लॅग येतो असं तुम्ही लिहिलंय, ते कारण नाही हो. 125 म्हणजे दर 8 मिलिसेकंदाला रीडिंग, आणि 60 फ्रेमवर गेमची एक फ्रेमच साधारण 16.7 मिलिसेकंदाची असते, दोन रीडिंग आरामात मिळतात.

पण तुम्ही व्हिडिओ बघून ड्रायव्हरमध्ये व्हीलचं फिरणं 270 डिग्री केलंय ना, ते आजच परत 900 करा. 270 केलं की 1024 पैकी 307 च पायऱ्या कामाला येतात आणि गाडीचं पूर्ण वळण तेवढ्यातच बसवावं लागतं, म्हणून एकेक झटका तिपटीहून मोठा लागतो. बराच फरक पडेल. पायरी मात्र तीच राहील, ती सेटिंगने बारीक होत नाही.

म्हणून पैसे पूर्ण परत. नाहीतर ऑप्टिकल एन्कोडरवालं (पॉटऐवजी प्रकाशाने फिरणं मोजणारं) घ्या, फक्त वरचा फरक भरा, पण आधी इथेच लावून आकडे स्वतःच्या डोळ्यांनी बघा मगच न्या. शेल्फवरच्या बाकीच्या पीसवर "मोजणी दहा बिट" अशी चिठ्ठी लावलीय. पाचोऱ्याहून मुद्दाम येताय तर पेडल आणि अडॅप्टर आठवणीने आणा, बॉक्स फाटला असला तरी चालेल.