आपली म्हणजे नक्की कुणाची?

कोथरूडातल्या आमच्या सोसायटीत फ्लॅट बावीस आणि चारचाकी लावायच्या जागा सतरा. पुनर्विकासाआधी जुन्या इमारतीत बारा बिऱ्हाडं होती, गाड्या तीन होत्या आणि त्यातली एक कायम बंद असायची. त्यामुळे भांडायला विषय शोधावा लागायचा. आता ती अडचण राहिली नाही.

मी मुद्रितशोधन करते. दुसऱ्यांच्या हजार चुका लाल पेनाने काढायच्या आणि पुस्तक छापून आल्यावर राहिलेली हजार एकावी चूक स्वतःच्या नावावर घ्यायची, असा हा धंदा. सोसायटीत याची फारशी कुणाला कल्पना नाही. ‘त्या मराठीचं काहीतरी करतात’ एवढीच माझी ख्याती. म्हणून जूनच्या मीटिंगमध्ये पार्किंगची पाटी लावायचं ठरलं तेव्हा सेक्रेटरी माझ्याकडे वळून म्हणाले, “मॅडम, एकच वाक्य हवंय. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम.”

मी पाच मिनिटंही घेतली नाहीत. लिहून दिलं: ‘कृपया आपली वाहने आपल्या जागेतच लावावीत.’ ऱ्हस्वदीर्घ चोख, ‘च’ मागच्या शब्दाला नीट चिकटलेला, शेवटी पूर्णविराम. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लिफ्टशेजारी डकवला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी घेऊन परत येते तर माझ्या जागेत, म्हणजे नऊ नंबरात, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची पांढरी गाडी.

काका निवृत्त इंजिनिअर आहेत. निवृत्त इंजिनिअरकडे वेळ असतो आणि नियमांचं प्रेम असतं. हे दोन्ही ज्याच्याकडे आहे त्याच्या वाट्याला शक्यतो जाऊ नये. पण काका नेमके जिन्यात भेटले.

“काका, नऊ नंबर माझी जागा आहे.”

“आपली,” काका म्हणाले.

“माझी.”

“ताई, पाटी तुम्हीच लिहिलीत ना? आपली वाहने, आपल्या जागेत. गाडी आपली, जागा आपली, सोसायटी आपली. ‘तुमची’ लिहिलं असतंत तर मी नसती हो लावली.”

मी वाद घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. काका बरोबर होते. आणि ते बरोबर आहेत हे मला माझ्याच धंद्यामुळे कळत होतं, हे जास्त लागलं.

मराठीला ‘आम्ही’ वेगळा आणि ‘आपण’ वेगळा. ‘आमची’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर, ‘आपली’ म्हटलं की तो आत येऊन पाटावर बसलेला. हिंदीचं ‘हमारा’ दोन्हीकडे चालतं, इंग्रजीचंही तेच. गुजरातीत, आणि खाली तेलुगू-तमिळमध्ये, हा उंबरा आहे. पुण्याने तर तो पाटीवरच रंगवून ठेवला: ‘आमची कोठेही शाखा नाही.’ इथे ‘आमची’च्या जागी ‘आपली’ घालून बघा. गिऱ्हाईक शाखा नसल्याबद्दल हळहळेल आणि भागीदार म्हणून गल्ल्याशी येऊन बसेल.

पण ‘आपली’ला एवढ्यावर समाधान नाही. ती आदराने ‘तुमची’ही होते: आपलं शुभनाम काय, आपली आज्ञा व्हावी. आणि कर्त्याकडे परतही जाते: ‘सुरेशने आपली गाडी धुतली’ म्हटलं की गाडी सुरेशचीच. ‘सुरेशने त्याची गाडी धुतली’ म्हटलं की मात्र शेजारच्याची धुतली की काय, आणि बदल्यात काय मिळालं, अशी शंका येते. मला पाटीत हीच परत जाणारी ‘आपली’ हवी होती. पण तिने परत जायचं कुणाकडे? पाटीत कर्ता लिहिलेलाच नव्हता. पुण्यातल्या पाट्यांत तो सहसा नसतोच. नाव घेतलं की भांडण होतं, आणि नाव न घेता ज्याला लागायचं त्याला लागतंच.

रात्री नवऱ्याने विचारलं, “मग तू गाडी कुठे लावलीस?”

“काय करणार? मी आपली गाडी बाहेर लावून वर आले,” मी म्हणाले, आणि भाजी ढवळता ढवळता थांबले.

मी आपली गाडी लावून आले. म्हणजे आपल्या दोघांची गाडी? की माझी स्वतःची? मी जरा रागात होते, तेव्हा टोमण्याने ‘आपली’, म्हणजे महाराजांची गाडी? की यातलं काहीच नाही, नुसतं ‘मी आपली’, बिचारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात, गाडी लावून आले? हेच वाक्य नवऱ्याने म्हटलं असतं तर तो ‘मी आपला गाडी लावून आलो’ म्हणाला असता. त्याच्यात आणि गाडीत गोंधळ झाला नसता. बाईचं तसं नाही. बाई स्त्रीलिंगी, गाडी स्त्रीलिंगी, आणि मध्ये ‘आपली’ उभी, हिचा हात धरू की तिचा.

शाळेत आम्हाला शब्दांच्या आठ जाती घोकून घेतल्या होत्या. हे ‘मी आपली’मधलं ‘आपली’ त्यातल्या कुठल्या जातीचं? सर्वनाम म्हणावं तर ते कुणाच्याच ऐवजी आलेलं नाही. विशेषण म्हणावं तर माझ्याबद्दल नवीन काही सांगत नाही. अव्यय म्हणावं, तर ज्याच्यात बदल होत नाही ते अव्यय, आणि हे तर मी आपला, मी आपली, ते आपले असे रंग बदलतं. ‘उद्या, आपलं, परवा या’ यातलं ‘आपलं’ आणखी निराळं, ते जिभेचं खोडरबर. (भाजी करपली.)

जेवण झाल्यावर कपाटातून मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ काढलं. १९११ सालचा ग्रंथ, वजनाला असा की शेजाऱ्यांच्या वादात हत्यार म्हणूनही चालेल. मोरो केशव हे केशवसुतांचे भाऊ. एका भावाने षष्ठी, म्हणजे ‘चा-ची-चे’ची विभक्ती, आपल्या टोपणनावातच मुरवून टाकली, केशवाचा सुत तो केशवसुत, आणि दुसऱ्याने तिच्यासकट सगळ्या मराठीची चौकशी केली. आता बघा, मागच्याच वाक्यात मी ‘आपल्या टोपणनावात’ असं लिहून गेले आणि तुम्ही अडखळला नाहीत. कुणाचं ते तुम्हाला कळलं. मग काकांनाच कसं कळत नाही?

षष्ठीची गंमत अशी की ती मालकाचं ऐकत नाही, वस्तूचं ऐकते. कर्ज माझं, हप्ते माझे, पण करारनाम्यात ती ‘माझी सदनिका’, लोकांना सांगताना ‘माझा फ्लॅट’, आणि संध्याकाळी दमून आल्यावर ‘माझं घर’. विटा त्याच, चौरस फूट तेवढेच, आणि माझ्या मालकीला तीन लिंगं. पाणिनीने तर संस्कृतातल्या षष्ठीला कारकांच्या पंगतीत बसवलंच नाही. ‘षष्ठी शेषे’ म्हणून मोकळा झाला. बाकीच्या विभक्त्यांना कामं वाटून जे संबंध उरले ते हिचे. आमच्याकडे सतरा जागा वाटून झाल्यावर जिन्याखाली दीड गाडीची जागा उरली आहे. सगळी भांडणं तिथलीच.

पुढच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी शिस्तीत काम करायचं ठरवलं आणि आधी एक फॉर्म वाटला. ‘आपल्याकडे पुढीलपैकी काय आहे? संख्या लिहा. (अ) चारचाकी (ब) दुचाकी (क) मुले (ड) पाळीव प्राणी.’ त्यांनी तो मला दाखवला नव्हता. दाखवला असता तर ‘क’वर लाल पेन फिरवलं असतं. मराठीत गाडी माझ्याकडे असते, पण मुलं मला असतात. ‘माझ्याकडे दोन मुलं आहेत’ असं म्हणणाऱ्या बाईचं पाळणाघर असतं. भाषेला हे बरोबर ठाऊक आहे की गाडी विकता येते, हप्ता थकला तर बँक ओढून नेते, मुलांचं तसलं काही करता येत नाही. भावाबहिणींचंही नाही. ‘मला एक भाऊ आहे’ हे वाक्य ‘मला ताप आहे’ याच साच्यातलं आहे. ज्यांना भाऊ आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको.

चार नंबरच्या आजोबांनी फॉर्म भरून दिला होता. ‘क’पुढे थरथरत्या पण वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘आमच्याकडे एकही नाही. आम्हाला दोन आहेत. अमेरिकेत असतात.’ सेक्रेटरींनी त्यावर लिहिलं, ‘शून्य’.

मग पाटीचा विषय निघाला. मी सुधारून नेलं होतं: ‘स्वतःचे वाहन स्वतःच्या जागेतच लावावे.’ मला वाटलं, आता पळवाट नाही. पाचव्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा हात वर करून म्हणाला, “काकू, माझी गाडी स्वतःची नाहीये, ऑफिसची आहे. आणि जागा घरमालकांची. मग मला हा नियम लागू नाही ना?” तो खरोखर निरागसपणे विचारत होता. मागून कुणीतरी म्हणालं की त्यांची गाडी जावयाची आहे. दुसरं कुणी म्हणालं, बँकेची आहे. त्या रात्री असं निष्पन्न झालं की सोसायटीत स्वतःची गाडी फक्त चार नंबरच्या आजोबांची, आणि ते ती चालवत नाहीत.

खजिनदारांना खर्चाची काळजी. पाटी ॲक्रिलिकची करायची होती आणि अक्षरामागे पैसे होते. ते म्हणाले, “कुणाची, कुणाच्या, हे हवंच कशाला? ‘गाडी जागेत लावा.’ झालं.” त्यावर काकांनी पाठिंबा दिला. “बरोबर आहे. पुण्यात कुठे ‘चा’ असतो? दगडूशेठ हलवाई गणपती. कसबा गणपती. तुळशीबाग गणपती. तिकडे मुंबईला लालबागचा राजा. त्यांना ‘चा’ लागतो.”

“आपल्याकडे ‘चा’ विचारायची पद्धत नाही,” सेक्रेटरींच्या मिसेस म्हणाल्या, आणि सगळे हसले. चहा त्या दिवशीही नव्हता.

तेवढ्यात आरशाचा विषय निघाला. सेक्रेटरींच्या नातवाच्या चेंडूने काकांच्या गाडीचा आरसा फुटला होता. सेक्रेटरींच्या मते ‘आमचा चिनू’ त्या वेळी क्लासला होता आणि काकांच्या मते ‘ते कार्टं’ त्या वेळी बॅटसकट पार्किंगमध्ये होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. म्हणीत नुसता शब्द बदललेला नाही, लिंगही बदललंय. आपला असतो तो पुल्लिंगी, दुसऱ्याचं झालं की नपुंसकलिंगी. १८३६ साली दादोबा पांडुरंगांनी मराठी मुलांसाठी व्याकरण छापलं तेव्हापासून आम्ही लिंग, वचन, विभक्ती पाठ करतोय, पण तिरस्काराचं लिंग कुठलं ते पाठ करावं लागत नाही, रागाच्या भरात आपसूक येतं. हे मी तिथे बोलले नाही. मी आपली फॉर्मच्या मागच्या बाजूला खरडत होते.

आणि खरडता खरडता सापडलं. आपापली!

इतकी वर्षं हा शब्द डोळ्यांखालून जातोय आणि मला त्याची किंमत कळली नव्हती. ‘आपापली’मध्ये सगळ्यांची मिळून एक अशी भानगड नाही. ज्याची त्याची, एकेकाची वेगवेगळी, माझी मला आणि तुझी तुला. कर्ता नसला तरी बिघडत नाही, ‘आपापली’ म्हटलं की अनेक मालक आणि अनेक वस्तू आल्याच, आणि ज्याने त्याने आपलं उचलायचं. एका ‘पा’ने ‘आपली’मधला सगळा लबाडपणा काढून घेतला. मी उभी राहून वाचलं: “कृपया आपापली वाहने आपापल्या जागेतच लावावीत.”

खोली शांत झाली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “आपापली,” ते पुटपुटले. मग आणखी एकदा. कुठून पळता येतं का ते बघत असावेत. शेवटी म्हणाले, “हं. हे ठीक आहे.” निवृत्त इंजिनिअरकडून याहून मोठा पुरस्कार मिळत नसतो. खजिनदारांनी बोटांवर अक्षरं मोजली, दोन वाढली होती, पण मंजूर केली.

मजकूर मी स्वतः टाईप करून अप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळातल्या एका डीटीपीवाल्याला पाठवला. प्रूफ दाखवा असं दोनदा बजावलं. आठवड्याने त्याचा फोन आला, पाटी तयार आहे, घेऊन जा. चौकात गाडी लावायला जागा मिळेपर्यंत दोन फेऱ्या झाल्या. पाटी देखणी झाली होती. निळ्यावर पांढरी अक्षरं, चार कोपऱ्यांत पितळी स्क्रू. मी वाचली. मग व्यवसायात शिकवतात तसं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली.

‘कृपया आपली वाहने आपल्या जागेतच लावावीत.’

“तुम्ही प्रूफ नाही दाखवलंत,” माझा आवाज कुठून तरी लांबून आला.

“तुम्हाला काय दाखवायचं मॅडम? तुमचं शुद्धच असणार,” तो म्हणाला. “फक्त एक ‘पा’ चुकून दोनदा पडला होता, दोन्ही शब्दांत. टायपिंगमध्ये होतं असं. मी काढून टाकला. दोन अक्षरांचे पैसेही कमी केलेत.”

पैसे कमी झाल्याचं कळल्यावर खजिनदार पाटी परत करायला तयार होईनात. सेक्रेटरींनी वॉचमनला बोलावून ती ड्रिलने भिंतीत पक्की केली. काका खाली आले, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, पाटी दोनदा वाचली.

“छान झालीये, ताई,” ते म्हणाले, आणि किल्ली बोटाभोवती फिरवत नऊ नंबरात गाडी लावायला गेले.

मी आपली गाडी बाहेर लावून वर आले.