बॉक्सवरचे ५ कोटी क्लिक आणि आपला पावसाळा

गेमिंग माऊसच्या बॉक्सवर '५ कोटी क्लिक' असं ठळक छापलेलं असतं. दिवसाला १० हजार क्लिक धरले तरी हा हिशोब साडेतेरा वर्षांवर जातो. प्रत्यक्षात बऱ्याचदा दीड-दोन वर्षांत डावं बटण एकदा दाबलं की दोनदा लागायला लागतं. दीड हजाराच्या माऊसचं होतं, तसंच बारा हजारांच्याही होतं. त्यामुळे सांगली-साताऱ्यात बसून महागडा माऊस किंवा कीबोर्ड घेणाऱ्यांनी तो किती टिकेल हे विचारण्याआधी 'बिघडला तर इथल्या इथे उघडता येईल का' हे विचारावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तो आकडा खोटा नाही. बटणाखालच्या स्विचमधली बारीक पत्ती किती वेळा वाकून परत येईल, एवढंच तो सांगतो. माऊस मरतो तो पत्ती तुटून नाही, कॉन्टॅक्ट, म्हणजे पत्ती टेकते ती जागा, खराब होऊन. स्विचमधून पुरेसा करंट गेला तर दर वेळी सूक्ष्म ठिणगी पडते आणि कॉन्टॅक्टवर साचणारा गंजासारखा थर जळून जातो. माऊसचं सर्किट साधारण ३.३ व्होल्ट किंवा त्याहून कमीवर चालतं, करंट अगदी नगण्य. वायरलेसमध्ये बॅटरी वाचवायची म्हणून आणखी कमी. मग थर साचतो, कॉन्टॅक्ट लागतो-सुटतो, आणि आतली चिप एका क्लिकचे दोन मोजते. त्यात आपल्याकडचे जुलै-ऑगस्ट. खिडक्या उघड्या, हवेत ओल, कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथे पत्तीची काय कथा.

पहिली खूण डबल क्लिक नसतेच. फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढताना मधेच हातातून सुटते, ती पहिली खूण. सॉफ्टवेअरमध्ये 'डिबाउन्स'चं (एका क्लिकनंतर दुसरा मोजण्याआधी किती थांबायचं याचं) सेटिंग असेल तर ते ४ मिलिसेकंदांवरून १०-१२ वर न्या, काही महिने निघतात. स्विचमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला तरी चार-आठ दिवस बरं वाटतं. साधा गंजनाशक स्प्रे मात्र चुकूनही मारू नका. तेल आत बसतं आणि धूळ धरून ठेवतं.

खरा इलाज स्विच बदलणं, आणि तो वाटतो तेवढा अवघड नाही. खालचे सरकते पाय हेअर ड्रायरने १०-१५ सेकंद शेकून अलगद उचला. स्क्रू बहुतेक वेळा त्यांच्याखालीच लपलेले असतात. वरचं कव्हर झटक्यात ओढू नका, वरच्या आणि खालच्या भागाला जोडणारी पातळ रिबन असते आणि ती फाटली की खेळ खलास. वायरलेस असेल तर आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. बहुतेक मॉडेलमध्ये स्विच तीन पायांचा असतो, दोन पायांत ५.०८ मिलिमीटर अंतर. ओमरॉन, कैल्ह, हुआनो या कंपन्यांचे या मापाचे स्विच एकमेकांच्या जागी बसतात. जुना काढण्याआधी फोटो घ्या, कारण स्विचवरचा दाबला जाणारा टिपका मधोमध नसतो, एका बाजूला असतो. उलटा बसला तर बटण दबतच नाही. जुन्या सोल्डरवर आधी थोडं ताजं सोल्डर लावा, मग विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) ओढा. सोल्डरिंग आयर्न ३३०-३५० अंशांवर, स्विचच्या एका पायावर तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर बोर्डवरचा तांब्याचा पॅड उखडतो. स्वतः करायचं धाडस नसेल तर सांगलीत विश्रामबागेतला किंवा साताऱ्यात राजवाड्याजवळचा मोबाईल रिपेअरिंगवाला हे काम अर्ध्या तासात करून देईल, फक्त स्विच तुम्ही आणून द्यायचे. डावा-उजवा दोन्ही एकदमच बदला, म्हणजे क्लिकचा हात सारखा राहतो. खालचे सरकते पाय नवीन लावा, जुन्यांचा गोंद परत धरत नाही.

ही कटकट नको असेल तर ऑप्टिकल स्विचचा माऊस घ्या. त्यात इन्फ्रारेड किरण अडवला-सोडला जातो, धातूचा कॉन्टॅक्टच नाही, त्यामुळे या कारणाने डबल क्लिक होत नाही. चाकाचा एन्कोडर (चाक किती फिरलं ते मोजणारा भाग) मात्र तिथेही बिघडू शकतो. स्क्रोल खाली करताना पान वर उडी मारायला लागलं की समजा. माऊसची हालचाल टिपणाऱ्या सेन्सरसाठी मात्र जास्त पैसे मोजू नका. पिक्सआर्ट कंपनीचा ३३९५ हा सेन्सर महाग माऊसमध्येही असतो आणि त्याच्या निम्म्याहून कमी किमतीच्या माऊसमध्येही. सेन्सर सहसा मरत नाही.

कीबोर्डचं गणित वेगळं. चांगल्या मेकॅनिकल स्विचमध्ये सोन्याचा मुलामा असलेला कॉन्टॅक्ट असतो, चेरीच्या एमएक्स रेडला १० कोटी दाबांचा दावा आहे. इथे पैसे वसूल होतात. कीबोर्ड मरतो तो चहाने आणि भडंगाने. भडंगाचं तेल आणि तिखट कीखाली उतरलं की साफ करायला एक दुपार जाते. साखरेचा चहा सांडला तर लगेच केबल काढा, उलटा करा, कीकॅप (कीवरच्या टोप्या) काढा, डिस्टिल्ड वॉटरने आणि मग अल्कोहोलने पुसा, दोन दिवस वाळवा. लगेच लावून पाहण्याची घाई बोर्ड जाळते.

म्हणूनच सांगतो, कीबोर्ड हॉट-स्वॅपच, म्हणजे सोल्डर न करता स्विच बदलता येणारा घ्या. एक स्विच अडकला तर चिमट्याने सरळ वर ओढून दुसरा बसवायचा. बसवताना बोर्डच्या मागून बोटाचा आधार द्या आणि धातूच्या दोन्ही पिना सरळ आहेत का पाहा. वाकलेली पिन दाबली तर सॉकेटच निघून येतं. घेण्याआधी तीन पिनांचं सॉकेट आहे की पाच पिनांचं ते विचारून ठेवा. पाच पिनांचा स्विच तीनच्या बोर्डवर बसवायचा तर प्लास्टिकचे दोन पाय कापावे लागतात.

कीकॅप पीबीटी प्लास्टिकच्या घ्या, एबीएस प्लास्टिकच्या वर्षभरात गुळगुळीत चकाकतात. अक्षरं डबलशॉट (वेगळ्या रंगाच्या प्लास्टिकची, आतपर्यंत ओतलेली) असली तर झिजत नाहीत. वरून छापलेली असतील तर आधी गेममध्ये सतत दाबल्या जाणाऱ्या डब्ल्यू, ए, एस, डी जातात.

रबरासारखं मऊ कोटिंग दिसलं की सरळ नाही म्हणा. दमट हवेत ते काही वर्षांत चिकट होतं. झालंच असेल तर अल्कोहोल आणि जुन्या बनियनचा तुकडा घेऊन सगळा थर घासून काढा.

हॉल इफेक्ट कीबोर्डचं सध्या फार कौतुक चाललंय. चुंबक आणि सेन्सर, कॉन्टॅक्ट नाही, किती खोल दाबल्यावर की लागावी हे ०.१ मिलिमीटरपर्यंत ठरवता येतं. व्हॅलोरंटसारखा नेमबाजीचा गेम मनापासून खेळणाऱ्याने जरूर घ्यावा. नुसतं टायपिंग आणि जीटीए असेल तर ते पैसे खुर्चीवर घाला.

वॉरंटीबद्दल दोनच गोष्टी. जीएसटीचं बिल नसेल तर ती बहुतेक वेळा कागदावरच राहते, आणि ऑनलाइन स्वस्तात मिळणारा 'इम्पोर्टेड' माल बऱ्याचदा तसाच असतो. दुसरं, डबल क्लिक कधी होतं, कधी होत नाही. तपासणाऱ्याच्या टेबलावर तो शहाण्यासारखा वागला तर 'दोष आढळला नाही' लिहून परत येतो. म्हणून पार्सल करण्याआधी सिरीयल नंबर आणि बिघाड दोन्ही एकाच व्हिडिओत घ्या, पेन ड्राइव्हवर नको, ईमेलला जोडून पाठवा.